सर्वसहमतीचं छप्पर

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे भिंती ज्याच्या त्याच्या असतात, छप्पर मात्र सार्वजनिक असतं. तुम्ही खाली उभं राहून भिंत रचत असाल, तर रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवत नाही. पण शिडी लावून वर चढलात की सायकल थांबते, स्टँडवर लागते, खर्ऱ्याची पुडी निघते, तो घोटून घोटून तोंडात जातो, हात कमरेवर येतात आणि खालून प्रश्न येतो, "सर, काय टाकून रायले जी?"

तुम्ही काहीही सांगा. तो म्हणणार, "हे नाही चालत इकडं."

मी निवृत्त झालो तेव्हा मला भविष्यनिर्वाह निधी आणि मोकळा वेळ एकदम मिळाला. या दोन गोष्टी एकत्र हातात आलेल्या माणसानं मोबाईल उघडू नये. मी उघडला. त्यात फिनलंडमधला एक दाढीवाला बर्फात एकटाच कुऱ्हाड घेऊन उभा होता. वीस मिनिटांच्या व्हिडिओत त्यानं झाडं तोडली, ओंडके सोलले, एकमेकांत खाचा पाडून बसवले, घर उभं केलं, छत घातलं आणि आत बसून कॉफी प्यायला. सबंध वेळात त्याला एकही माणूस काही सांगायला आला नाही. बायको नाही, साळा नाही, शेजारी नाही. मला घराचा मोह पडला असं सगळे म्हणतात. मला वाटतं, त्या शांततेचा पडला.

मूलच्या पुढं, सावलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, माझा एक तुकडा होता. त्यावर मोहाचं एक जुनं झाड. तिथं ओंडक्यांचं घर बांधायचं ठरवलं. बायको म्हणाली, "बांधा. निदान घरात तरी राहणार नाही दिवसभर."

त्या फिनलंडवाल्याची अडचण माझ्या मानानं सोपी होती. बाहेर उणे ३०, आत चूल. आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच. त्यासाठी तो ओंडक्यांच्या फटींत शेवाळ कोंबत होता आणि छताच्या फळ्यांवर हातभर जाडीचा थर अंथरत होता. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ला जातो, एखाद्या वर्षी ४८लाही टेकतो, आणि मग देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत चंद्रपूरचं नाव आलं की आम्ही घामाघूम अवस्थेत एकमेकांना ती बातमी अभिमानानं पाठवतो. म्हणजे आम्हाला बाहेरची ऊब आत येऊ द्यायची नाही. फिनलंडचे लोक घराशेजारी आणखी एक लाकडी खोली बांधतात, ती ८० अंशांपर्यंत तापवतात आणि आत घाम गाळत बसतात. तिला सौना म्हणतात. चंद्रपुरात त्यासाठी वेगळी खोली लागत नाही; टिनाखालचं स्वयंपाकघर पुरतं.

लाकडाच्या जिल्ह्यात लाकूड मिळायला काय अडचण, असं पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं. आमचं सागवान नामांकित आहे हे खरंच. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेलं ते आमच्या बल्लारपूरहून, मार्च २०२३ मध्ये, पूजा करून, वाजतगाजत शोभायात्रा काढून. ज्या लाकडाची मिरवणूक निघते ते आपल्या ऐपतीतलं नसतं, हे मला लिलावातली पहिली बोली ऐकूनच समजलं. मी एका शेतकऱ्याकडून निलगिरीच्या बल्ल्या घेतल्या आणि छताच्या फळ्यांसाठी ऐन. मग लाकूड कुणाचं, कुठून निघालं, कुठं चाललं, हे सांगणारे कागद गोळा करायला लागलो. कागदाला कागद जोडत गेलो तेव्हा, बल्लारपूरलाच कागदाची गिरणी का काढली असावी, याचा उलगडा झाला.

भिंतींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्या उभ्या आहेत. निलगिरीला वाळताना पीळ पडतो, त्यामुळे दोन ठिकाणी त्या थोड्या वळल्या आहेत. पण पाहुण्यांना मी ते कलाकुसर म्हणून दाखवतो.

छताच्या वेळी मात्र मी मेंढा (लेखा) गावाचा आदर्श ठेवला. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं हे गाव. तिथली ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढं चालते. याच ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक दिलं. या साऱ्याबद्दल वाचून मी इतका भारावलो की छताचा निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचं जाहीर करून बसलो. मेंढ्याच्या लोकांनी त्यासाठी आधी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले होते, ही ओळ मी घाईत गाळली. आमच्याकडे अभ्यास नव्हता, नुसते गट होते.

सभा मोहाखाली भरली. चहा माझा.

पहिले बोलले शेजारचे काकाजी. त्यांची उभी हयात सिमेंटच्या कारखान्यात गेली. राजुरा-कोरपन्याच्या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत, आणि तिथून निवृत्त झालेला माणूस घरात देवघरसुद्धा सिमेंटचं करतो. काकाजी म्हणाले, "कायले पायजे हे लाकूडफिकूड? सिलाप टाका न मोकरे व्हा."

मी म्हणालो, "काकाजी, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आत सोडतो. रात्री झोप कशी लागणार?"

"रात्री सिलापच्या वरत झोपाचं ना जी!"

ज्याच्यामुळं आत झोपता येत नाही त्याच्याच डोक्यावर जाऊन झोपायचं, हा तोडगा माझ्या मनात आला नव्हता. सभेत माना हलल्या. अर्ध्या जिल्ह्यानं उन्हाळे असेच काढले आहेत.

मग गुरुजी उठले. गुरुजी कवेलूवाले. कवेलूंच्या फटींतून हवा खेळते, घर श्वास घेतं, आपले पूर्वज काही वेडे नव्हते वगैरे. शोधग्रामला डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना काढताना आदिवासींना आधी विचारलं आणि माँ दंतेश्वरी रुग्णालय त्यांच्या घरांसारखं बांधलं, मग तुम्ही फिनलंडकडे कशाला बघता, असं त्यांनी मला विचारलं. मुद्दा बिनतोड होता. मी फक्त वानरांचं काय, असं विचारलं. आमच्याकडे काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी मोहावरून उतरते आणि कवेलूंवरून धावत चिंचेवर जाते. दर पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर तो वानरांपेक्षा जास्त फोडतो.

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "वानरांनाही जायला वाट पाहिजे."

तिसरा माझा साळा. हा नागपूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता आणि ते वर्ष त्याच्यातून अजून गेलेलं नाही. त्याच्या पिशवीत चंदेरी फॉइलचा तुकडा होता. "भाऊजी, उष्णता तीन प्रकारांनी येते," अशी त्यानं सुरुवात केली तेव्हाच दोघं-तिघं लघवीला उठले. त्याचं म्हणणं असं की तापलेलं टीन खाली उष्णता फेकतं आणि चकचकीत फॉइल ती परत वर फेकतं. पण फॉइलच्या आणि टिनाच्या मधे हवेची पोकळी पाहिजे, चिकटून लावलं तर ते फॉइलही टिनासोबत तापून मोकळं होतं. हे बरोबर होतं. साळ्याचं म्हणणं बरोबर असणं ही घटना आमच्या घराण्यात नवी होती, त्यामुळे कोणी विश्वास ठेवला नाही.

एकानं थर्मोकोल सुचवलं. त्याला दुसऱ्यानं सांगितलं की टिनाखाली थर्मोकोल मऊ पडून आक्रसतं, आणि उरलेल्यात मुंग्या नगरपालिका काढतात. भाचा म्हणाला, राख टाका. दुर्गापूरला २९२० मेगावॅटचं वीज केंद्र असलेल्या जिल्ह्यात राखेची ददात नाही. "फुकट आहे मामा," तो म्हणाला. फुकट हा शब्द ऐकून सभा थोडी पुढं सरकली.

तेवढ्यात राइसमिलवाले शेठ बोलले. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा सगळा धानाचा पट्टा, इथं तुसाचे डोंगर पडून असतात. "तूस टाका. माझ्या मिलमधून घेऊन जा, पैसे नको." तुसाच्या बाजूनं त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर पडताळून पाहिलं, आणि ते खरं आहे: धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते, म्हणून ते लवकर कुजत नाही, वाळवीला आवडत नाही, आणि दोन थरांत कोंडलं की त्यात अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. शेठनी एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती पुढं येईल.

यावर एक बांबूवाले तरुण कार्यकर्ते उभे राहिले. इंग्रजांच्या १९२७च्या वन कायद्यानं बांबूला झाड ठरवून कसा अन्याय केला, आणि २०१७ साली जंगलाबाहेरच्या बांबूची त्यातून कशी सुटका झाली, हे त्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं छताला बांबूचे तट्टे लावा. काकाजी लगेच म्हणाले, "चिचपल्लीचं बांबूचं केंद्र जरलं ना जी २०२१ मंदी?" कार्यकर्ते म्हणाले, आग बांबूमुळं लागत नाही, निष्काळजीपणामुळं लागते. काकाजी म्हणाले, "सिलापले निष्काळजीपणानं बी नाही लागत." इथं सभा अर्धा तास तहकूब झाली.

शेवटी बायकोनं विचारलं, "उतरतं छप्पर केलं, तर मी कुरड्या आणि मुंगवड्या वाळत घालू कुठं?"

सगळ्या सभेत हा एकच प्रश्न मुद्द्याचा होता, त्यामुळे तो इतिवृत्तात आला नाही.

सर्वसहमती झाली ती अशी: कोणालाच नाही म्हणायचं नाही. वाशांवर ऐनाच्या फळ्यांचं पाटण. त्यावर डांबरी कागद. त्यावर तूस, आणि भाच्याला वाईट वाटू नये म्हणून कडेकडेनं राख. त्यावर तट्टे. मग रिपा मारून वीतभर पोकळी, पोकळीच्या खालच्या अंगाला साळ्याचं फॉइल, वर टीन, टिनावर चुन्यात फेव्हिकॉल कालवून पांढरा हात. पुढच्या पडवीवर तीन ओळी कवेलू, गुरुजींसाठी. आणि काकाजींचा मान राखायला शेवटच्या पायरीखाली सिमेंटचा एक लहान स्लॅब.

मिस्त्रीनं यादी ऐकली, कान खाजवला आणि म्हणाला, "सर, हे छप्पर नोहे जी. हे पंगतीतलं पान होय. ज्यानं त्यानं वाढलं, आता खावाचं कोनं?"

आमच्याकडे छप्पर घालायचा मुहूर्त पंचांगात पाहून उपयोग नसतो, तो जंगलाला विचारावा लागतो. मार्च उजाडला की पहाटे मोहफुलं गळायला लागतात आणि सगळी माणसं टोपल्या घेऊन मोहाखाली असतात. मे महिन्यात तेंदूपत्ता. तो हंगाम दोन-तीन आठवड्यांचाच, पण त्या काळात हाताला काम देणारा कोणीही माणूस तुमच्या छताकडे ढुंकून बघत नाही, आणि बघूही नये. पुड्याला रोख पैसे मिळत असताना तुसाच्या पोत्यांत कोण डोकं घालेल? मोह आणि तेंदूच्या मधे लग्नसराई. जूनमध्ये पेरणी, जुलैत रोवणी. या सगळ्यांतून जी फट उरते तीत छप्पर बसवायचं. माझ्या फळ्यांतल्या फटी त्याहून मोठ्या होत्या.

दिवसाचं गणितही तसंच. मिस्त्री सकाळी सहाला यायचा आणि दहाला म्हणायचा, "आता टीन हातात धरवत नाही." हे खरं होतं, मी एकदा हातोडा उन्हात विसरलो आणि मग तो उचलायला सांडशी आणली. संध्याकाळी चारला तो पुन्हा वर चढायचा आणि पाचला उतरायचा.

"का रे बाबा?"

"रस्त्यात वाघ असते जी."

इतर जिल्ह्यांतले मिस्त्री आजीचं बारावं, साळीचं लग्न, बाईकचा क्लच अशी कारणं देतात आणि मालक त्यांच्याशी भांडू शकतो. आमच्या मिस्त्रीचं कारण वनविभागाच्या कॅमेऱ्यात दिसतं. त्याच्याशी भांडायचं कसं? मी एकदा फक्त विचारलं की वाघ रोज बरोबर पाचलाच निघतो का. तो म्हणाला, "नाही जी. वाघाले घड्यार कोटी असते? म्हनून तं आपल्याले लवकर जावं लागते."

फळ्या ठोकायचं काम मी स्वतः केलं. ऐनाचं लाकूड असं की खिळा मारला तर खिळा वाकतो, आणि दुसऱ्यांदा मारला तर फळी चिरते. आधी ड्रिलनं भोक पाडावं लागतं. ड्रिल सुरू केलं की लाइन जायची, लाइन आली की मिस्त्रीचा खर्रा संपलेला असायचा. फळीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच, आणि जीभ खाचेत बसली की फट राहत नाही, असं फिनलंडवाल्यानं दाखवलं होतं. आमच्या जिभा एप्रिलमध्ये खाचेत बसल्या आणि मेमध्ये उन्हानं सुकून बाहेर आल्या. दोन फळ्यांमधून आकाश दिसायला लागलं. मी बायकोला दाखवलं, "बघ, चांदण्या दिसतात."

ती म्हणाली, "तारांगण करायचं होतं तर तसं सांगायचं."

आता तूस. शेठनी ट्रॅक्टर भरून पाठवलं. तूस पाठीवर घेऊन शिडी चढणं सोपं असतं, कारण ते हलकं असतं. तूस वर ओतणंही सोपं असतं. ओतताना वारा आला की मात्र ते ओतणाऱ्याच्या नाकात, कानात, बनियनमध्ये आणि खाली उभं राहून सल्ला देणाऱ्याच्या उघड्या तोंडात जातं. छपराच्या सबंध कामात मला मिळालेलं एवढंच सुख. काकाजी त्यानंतर काही काळ रुमाल बांधून सल्ले देत होते.

डांबरी कागद कडेला थोडा कमी पडला होता, आणि तूस फटीतून वाट काढण्यात पाण्यापेक्षा हुशार असतं. वानरानं छपरावर उडी मारली की खाली चहात पाच-सहा टरफलं. टोळी गेली की जेवणात मूठभर. पाहुण्यांसमोर बायको हे "गावरान पद्धतीचं" म्हणून खपवायची.

फॉइलची वेगळीच कथा. साळ्यानं रविवारी फॉइल पसरलं आणि जेवायला खाली उतरला. दुपारच्या उन्हात तो चंदेरी उतार असा तळपला की रस्त्यावरच्या एसटीनं वेग कमी केला. प्रवाशांना काय वाटलं कोण जाणे. वानरांना आवडलं. साळ्याचा दुसरा भात वाढून होईपर्यंत दोन वानरं फॉइलची एक-एक पट्टी घेऊन चिंचेवर बसली होती आणि त्यात आपापली तोंडं बघत होती. साळा खालून ओरडला, "अरे, चकचकीत बाजू वर!" ती त्यांनी बरोबर धरली होती.

शेवटी टीन बसलं. जे-हुक आवळले, वायसर घातले, आढ्यावर टोपी चढवली, चुन्याचा पांढरा हात दिला. हे सगळं नवतप्याच्या आधी झालं, आणि यात माझं कर्तृत्व नाही. तेंदूपत्ता त्या वर्षी लवकर आटोपला.

नवतप्यात म्हणजे २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हाच्या त्या नऊ दिवसांत छपराची परीक्षा ठरली. मी दोन थर्मामीटर आणले. एक मोहाच्या सावलीत, एक दिवाणखान्यात. दुपारी तीनला सर्वसहमतीची सभा पुन्हा भरली, यावेळी आत. बाहेर ४६, आत ३९. सात अंशांचा फरक! मी उभा राहून आकडा वाचला. टाळ्या पडल्या. मग प्रत्येकानं तो फरक आपापल्या थरामुळं कसा पडला हे सांगितलं. साळ्याच्या मते सहा अंश फॉइलचे आणि एक किरकोळ. शेठच्या मते पाच तुसाचे. भाच्यानं राखेला निदान अर्धा अंश मागितला. सगळ्यांचं ऐकून बेरीज केली तेव्हा दिवाणखान्यात १५ अंश निघायला हवे होते, आणि मग शेवाळ कोंबायला पाहिजे होतं.

बायको पदरानं वारा घेत म्हणाली, "एकोणचाळीसलाही घाम येतोच. कुलर लावा."

कुलर लावला. कुलरनं खोली छान गार झाली, त्याचं श्रेयही साळ्यानं घेतलं.

मग पाऊस. इथला पाऊस म्हणजे गंमत नाही. तिकडे पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तशी बातमी दर पावसाळ्यात येते. त्या वर्षी ती आली त्याच रात्री आमच्या दिवाणखान्याचा स्वयंपाकघराशी संपर्क तुटला. मधे गळत होतं. नुसतं गळत नव्हतं, तुसातून गाळून पिवळसर होऊन गळत होतं. मी बादली ठेवली. बादली भरली तेव्हा धार दोन हात सरकून बाजूला आली. गळक्या छपराचा स्वभाव असा की पाणी शिरतं एका ठिकाणी, फळीच्या पोटाखालून, वाशाच्या कडेनं, डांबरी कागदाच्या घडीतून फिरत फिरत, भलत्याच ठिकाणी उतरतं. वर चढून जिथं भोक शोधाल तिथं ते नसतंच.

दुसऱ्या दिवशी सभा. उन्हाळ्यात सात अंश वाटून घेणारे सगळे हजर होते, पण पाण्याचा एक थेंबही कोणी घेईना. टीनवाला म्हणाला माझं टीन कोरं आहे, रिपा वाकड्या. रिपावाला म्हणजे मिस्त्री म्हणाला, रिपा सरळ, तट्टा फुगला. तट्ट्याचे कार्यकर्ते म्हणाले, बांबू फुगत नाही, राखेनं पाणी धरलं. भाचा म्हणाला, मामा, राख कडेला आहे, गळतंय मधे. साळ्यानं पुन्हा "पाणी तीन प्रकारांनी येतं" म्हणून सुरुवात केली. काकाजी काही बोलले नाहीत. ते फक्त शेवटच्या पायरीखालच्या स्लॅबवर जाऊन उभे राहिले. तो कोरडा होता.

शेठनी न सांगितलेली गोष्ट त्यानंतरच्या आठवड्यात उगवली. हे मी शब्दशः म्हणतो. कितीही चांगली मिल असली तरी तुसात थोडे दाणे राहतात. ते भिजले, त्यांना ऊब मिळाली, आणि एका सकाळी दिवाणखान्याच्या छतातून, दोन फळ्यांच्या फटीतून, धानाचे हिरवेगार कोंब खाली लोंबायला लागले. गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं आणि वाणही सांगितला. मिस्त्री म्हणाला, "सर, तुमची रोवनी साऱ्याइच्या आगोदर झाली." भाच्यानं ई-पीक पाहणीच्या ॲपवर फोटो चढवायचा म्हणून मोबाईल काढला, पीक वर आहे की खाली, हे ॲप विचारत नाही म्हणाला. मी त्याला थांबवलं. आधीच लाकडाचे कागद पुरे होते.

आता दोन वर्षं झाली. फळ्यांनी हवामानाशी तडजोड केली आहे. पावसाळ्यात मिटतात, उन्हाळ्यात उघडतात. वानरांनी कवेलूंच्या तीन ओळींपैकी दीड ओळ संपवली आहे, आणि गुरुजींना त्याचं वाईट वाटत नाही. मोहाची फळं टिनावर पडतात तेव्हा बायको अजून दचकून उठते. कुरड्या ती काकाजींच्या स्लॅबवर घालते, म्हणजे त्यांच्या घराच्या, आमच्या पायरीखालच्या नव्हे. त्या बदल्यात काकाजी भर उन्हाच्या तीन तास आमच्या दिवाणखान्यात येऊन झोपतात आणि उठल्यावर म्हणतात, "सिलाप टाकाले पायजे होता."

परवा सिंदेवाहीला एका लग्नाला गेलो होतो. मांडवाशेजारी एकाचं छप्पर चाललं होतं. तो बिचारा वर टीन धरून बसला होता. माझे हात कधी कमरेवर गेले कळलं नाही. टिनाखाली पोकळी ठेवलीस का, तूस घालणार असशील तर आधी चाळून घे, फॉइल जेवायच्या वेळी पसरू नकोस, असं बरंच सांगितलं. तो टीन तसंच धरून ऐकत होता, कारण सोडलं असतं तर माझ्या डोक्यावर पडलं असतं. नवरदेव येऊन गेला, जेवणं उठली, माझं सांगणं चालूच होतं. बायको हात धरून ओढून घेऊन गेली म्हणून, नाहीतर त्याच्या छताची सर्वसहमती झालीच होती.

छत एकूण चांगलं आहे. सात अंशांचं म्हणाल तर ते कागदावर आहेत आणि सभेच्या सहीचे आहेत. स्वयंपाकघराच्या दारावरचं एक भोक तेवढं अजून सापडलेलं नाही. मृग लागायच्या आत ज्या कोणाला ते शोधायला यायचं असेल त्यांचं स्वागत आहे. मूलहून सावलीकडे निघालं की डाव्या हाताला पांढरं टीन दिसेल. येताना कृपा करून मत आणू नका, डांबराचा डबा आणा.